शेलूबाजारात न सुधरलेली एकच गाडी

गाडी कोणाचीही असो, मिस्त्री ब्रेकच्या पेडलला आधी पाय लावत नसत. दार उघडायचे, कमरेपर्यंत आत वाकायचे आणि उजव्या हाताचा तळवा पेडलवर ठेवून डोळे मिटायचे. मग हळूच दाबायचे. एकदा, दोनदा, तीनदा. रस्त्याने जाणाऱ्याला फक्त खाकी पॅन्ट आणि दोन भेगाळलेल्या टाचा दिसायच्या. नवखं गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "मिस्त्री, चक्कर आली काय?" आतून आवाज यायचा, "चूप ऱ्हाय बाप्पा. सांगून राह्यलं ते."

ते म्हणजे पेडल.

तुम्ही शेलूबाजारावरून कधी गेला असाल तर त्या टाचा तुम्हीही पाहिल्या असतील. हमरस्त्याला लागून कडुनिंबाखाली टिनाचं शेड, शेजारी टायरवाला, समोर चहाची टपरी. शेडवर पाटी नव्हती. "पाटी कायले पाह्यजे? ज्याचे ब्रेक लागत नाई तो इथंच येऊन थांबते," म्हणायचे. मी एकदा विचारलं, "ब्रेक नसतील त थांबंल कसा?" त्यांनी रस्त्यापलीकडच्या उकिरड्याकडे बोट दाखवलं. उकिरड्यावर खरोखरच चाकांच्या खुणा होत्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. मंगरूळपीरला राहते, शाळा शेलूबाजारच्या पुढे. चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली, तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "चालवशील, पण थांबवशील का?" नवऱ्याच्या तोंडून वर्षातून एखादी खरी गोष्ट निघते, ती ही. मी थांबवायला शिकले ते मिस्त्रींकडे.

त्यांचा एक नियम होता. ज्याची गाडी, त्याचा पाय.

म्हणजे असं. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकाला पोचतो. त्यात हवा शिरली की संपलं. हवा दबते, तुमचा जोर ती गिळून टाकते, पेडल लोण्यासारखं खाली जातं आणि गाडी आपल्याच तंद्रीत पुढे जाते. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाजवळची बारीक निपल सोडून हवा बाहेर जाऊ देतो. सगळ्या जगात हे आतलं काम हाताखालचं माणूस करतं. मिस्त्री मालकालाच बसवायचे. "गाडी तुमची, जीव तुमचा, मंग पाय माहा काहून?"

आणि मग चाकाखालून हुकूम सुटायचे. "दाबा! अजून दाबा! धरा! धरा म्हनलं ना! सोडू नोका... सोडा." असं चारही चाकांना. सरपंचांनी दाबलंय, डॉक्टरांनी दाबलंय, एका फौजदारांनी टोपी मांडीवर ठेवून दाबलंय. पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत जीपवाल्यांची रांग लागायची आणि प्रत्येक जण आपापल्या जीपमध्ये बसून मुकाट्याने पाय हलवत असायचा. बालवाडीच भरलेली वाटायची.

एकदा जऊळक्याकडची वरात अडकली. पेडल मऊ, आणि नवरदेव बाशिंग बांधून मागच्या सीटवर. गाडी मामाची होती. मामा पुढे सरसावले तर मिस्त्रींनी हात आडवा केला. "आज वरात कोनाची?" सगळे म्हणाले, नवरदेवाची. "मंग पाय बी त्याचाच." झालं! नवरदेव पुढे येऊन बसला. मुंडावळ्या सारखं तोंडात जात होत्या, त्या करवलीने दोन्ही हातांनी धरून ठेवल्या. बँडवाल्यांना रिकामं उभं राहवेना, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मग तो बिचारा त्या ठेक्यावर पेडल दाबतोय, खालून मिस्त्री ओरडतायत, "धर! धर! आता जनमभर धर बाप्पा!" आणि वऱ्हाडी रस्त्यात नाचतायत. मुहूर्त टळला म्हणतात. नवरीकडच्यांनी मिस्त्रींना जेवायला मात्र बोलावलं.

दुसरा नियम ऐकून तर तुम्ही मला वेड्यात काढाल. काम झालं की मिस्त्री शेडमागच्या मोकळ्या मैदानात जाऊन उभे राहायचे. हातात चहाचा ग्लास, आणि गाडीकडे पाठ. मालकाने गाडी त्यांच्या दिशेने आणायची आणि त्यांच्या मागे थांबवायची. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ओरडलेच. "मिस्त्री, निदान तोंड त करा इकडे!"

"पाहाचं काय? काम मीच केलं ना?"

मी आणली. चाळीस पावलांवर थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ते वळले, अंतर बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, आज या, उद्या पोचसान."

एका शेतकरी भाऊंनी ब्रेकच्या तेलाच्या डबीत घरचं फोडणीचं सोयाबीन तेल ओतलं होतं. तेल ते तेलच, असा हिशेब. आतले सगळे रबर फुगले, चाकं जाम. मिस्त्रींनी बोट बुडवून वास घेतला, जिभेला लावलं आणि गंभीरपणे विचारलं, "भजे तळाचे होते काय ब्रेकमंदी?" ते भाऊ अजूनही बाजारात आले की टपरीवाला त्यांना न विचारता भजी देतो.

तर असे मिस्त्री. हसायला आणि हसवायला सदा तयार. घरी मात्र एकटे. बायको जाऊन तेव्हा सहा वर्षं होत आलेली. एकुलता एक मुलगा पुण्यात कंपनीत, त्याला एक चार वर्षांची मुलगी. मुलगा दर दोन महिन्यांनी यायचा, "बाबा, चला आता" म्हणायचा, आणि मिस्त्री अख्ख्या बाजारासमोर त्याला उडवून लावायचे. "तिथं काय करू? लिफ्टमंदी खालीवर करू?" लोक हसायचे. मुलगाही हसायचा, पण त्याचे डोळे हसत नसायचे, हे मी दोनतीनदा बघितलं आहे.

त्या वर्षीच्या दिवाळीत मुलगा हट्टालाच पेटला. टपरीवर आठदहा जण होते, मीही होते. "सत्तरीला आले तुम्ही. गाडीखाली झोपता. कधीतरी थांबणार की नाही?" मिस्त्रींनी ग्लास खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "आयक. ज्या दिवशी एक गाडी, एकच, माह्या हातून सुधरनार नाई, त्या दिवशी मी गुमान तुह्यासंगं येतो. हे सारे गवाह."

"बाबा, शब्द?"

"तुह्या मायची आन."

बाजाराने टाळ्या पिटल्या. असं कधी होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून टाळ्या. मुलगा खालमानेने पुण्याला गेला.

आणि चैत्रात ती एक गाडी आली. माझी.

शाळेतून येताना उतारावर ब्रेक दाबला तर पेडल थेट खालच्या चटईला टेकलं. हँडब्रेक ओढत, देवाचं नाव घेत मी खालच्या चढाला लागले तेव्हा कुठे गाडी थांबली. उरलेला रस्ता मी पहिल्या गिअरमध्ये काढला. मागे दोन बैलगाड्या हॉर्न नसल्याची हळहळ करत होत्या. मिस्त्रींनी तळव्याने पेडल दाबलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "समोरचे दोनी कॅलिपर गळून राह्यले. रबर गेले." कॅलिपर म्हणजे चाकाजवळचा लोखंडी चिमटा, ब्रेक दाबला की तो चाकाच्या तबकडीला घट्ट धरतो. डावा आणि उजवा, दिसायला जुळे भाऊ.

तो मंगळवार होता. सकाळची शाळा, दुपारचं कडक ऊन. मिस्त्रींनी खताचं रिकामं पोतं उसवून गाडीपुढे पसरलं आणि दोन्ही कॅलिपर सोडून त्यावर मांडले. त्यांची मांडणी ठरलेली: डाव्या चाकाचं सगळं पोत्याच्या डाव्या अंगाला, उजव्याचं उजव्या. खूण नाही, खडू नाही. मी मोबाईलवर फोटो काढून अकोल्याच्या बहिणीला पाठवला, "बघ, माझ्या गाडीची आतडी." मिस्त्री नवीन रबर आणायला गेले. मी झाडाखाली बसले.

तेवढ्यात ऊन सरकलं आणि पोत्यावर आलं. रबर उन्हात खराब होतं हे मिस्त्रींकडूनच शिकलेलं. म्हटलं, चला, आपणही काहीतरी मदत करावी. मी पोत्याचं एक टोक धरलं आणि ओढत, वळवत सावलीत आणलं. एक नटही सांडू दिला नाही. मग झाडाखाली बसून पोत्यावरची लाल अक्षरं वाचत राहिले. केवढा अभिमान वाटला मला! कोणी विचारलं असतं तर छाती फुगवून सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

मिस्त्री आले, रबर घातले, कॅलिपर चढवले. मी आत बसले. "दाबा! धरा! सोडा!" चारही चाकं झाली. पेडल मऊ. पुन्हा केलं. मऊ. तिसऱ्यांदा. संध्याकाळपर्यंत माझ्या पोटरीत गोळे आले आणि पेडल आपलं लोण्यासारखं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. उद्या पाहू," मिस्त्री म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी विनोद केला नाही.

बुधवारी संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली होती. गुरुवारी मी जीपमधून उतरून शेडवर गेले तर तीस माणसं जमलेली. मिस्त्रींची शर्त ज्याला माहीत नाही असं माणूस त्या बाजारात उरलं नव्हतं. सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणे मास्टर सिलिंडर बदला. कोणी म्हणे गाडीला नजर लागली, लिंबू बांधा. लिंबू बांधलं. फोडणीच्या तेलवाले भाऊ बोलायला पुढे झाले तर सगळ्यांनी एका सुरात "तुमी नोका!" म्हणून त्यांना बसवलं. आणि मिस्त्री? मिस्त्री डोकं धरून पोत्यावर बसलेले. मध्येच उठायचे, निपल सोडायचे, आवळायचे, कपाळावर हात मारायचे. "हात गेले बाप्पा माहे," म्हणायचे. शुक्रवारीही तेच. टपरीवाल्याचा धंदा दुप्पट झाला.

मला काही सुचत नव्हतं. माझ्या गाडीपायी एक माणूस आपल्या मुलखातून उठणार! शनिवारी सकाळी मी त्यांना म्हटलं, "मिस्त्री, मी ही गाडी भंगारात विकते. म्हणजे सुधरली नाही असं होनारच नाही." ते खिन्न हसले. "शब्द तो शब्द मॅडम. पोट्ट्याले फोन केला. उद्या दुपारी येते तो."

शनिवारी संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "काय गं, आतडी बसली का आत?" मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं आणि बोलता बोलता तो फोटो उघडला. फोटोत पोत्यावरची लाल अक्षरं गाडीकडून वाचायला सुलट होती. आणि मी पोतं ओढून ठेवल्यावर? झाडाखाली बसून मी ती अक्षरं वाचली होती. झाडाखाली! गाडीच्या बरोब्बर उलट्या बाजूने!

पोतं अर्धं फिरलं होतं. डावं उजवीकडे गेलं होतं, उजवं डावीकडे. मिस्त्रींनी डोळे मिटून आपल्या मांडणीवर भरवसा ठेवला आणि डावा कॅलिपर उजव्या चाकाला चढवला. तो चढतोही, अडचण येत नाही. फक्त हवा काढायची निपल वर यायच्या ऐवजी खाली जाते. हवा नेहमी वर चढते, हे मला त्यांनीच शंभरदा सांगितलेलं. ती मजेत वर बसून राहिली होती आणि आम्ही इतके दिवस खालच्या भोकातून तिला बोलावत होतो.

चूक मिस्त्रींची नव्हतीच. माझी होती. मला त्या रात्री धड झोप लागली नाही.

रविवारी पहिल्या जीपने मी शेलूबाजार गाठलं. बाजार अजून उघडायचा होता. मिस्त्री शेडमध्ये पत्र्याच्या पेटीत कपडे भरत होते. मी दारातूनच सुरू झाले. पोतं, ऊन, सावली, अक्षरं, निपल, सगळं एका दमात. "मिस्त्री, तुमचे हात गेले नाहीत! माझी अक्कल गेलती! तुम्हाले कुठंच जायचं काम नाही!"

त्यांनी शर्टाची घडी घातली. स्टोव्हवरचा चहा दोन कपांत ओतला. "झालं सांगून? बसा."

मी बसले.

"मले बुधवारीच समजलं."

"काय समजलं?"

"पोतं फिरलं ते. बुधवारी पाह्यटे झटकाले उचललं त अक्षरं उलटे दिसले. मंग चाकाखाली जाऊन पाह्यलं. निपल खाली." ते चहा फुंकत होते. "तुमीच फिरवलं असंन, हे बी समजलं. पोत्यावर तुमच्या खडूच्या बोटाचे ठसे होते."

मग मात्र माझा पारा चढला. "बुधवारी? म्हणजे गुरुवारी, शुक्रवारी ते डोकं धरून बसणं? कपाळावर हात मारणं? मी तीन दिवस जीपमध्ये कोंबड्यांच्या टोपलीला टेकून प्रवास करून राह्यले मिस्त्री! त्यातली एक माझ्या पर्समध्ये शिरली! आणि तुमी नाटक करून राह्यलते?"

"बरं जमलं ना पन?" ते म्हणाले, आणि इतके हसले की चहा सांडला. मीही हसले, माझा इलाजच नव्हता. पोट धरून हसलो आम्ही दोघं. मग हसता हसता त्यांचा चेहरा कधी बदलला ते मला समजलं नाही.

"मॅडम, मले जाचं हाय," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"पोट्ट्याची माय गेली तवापासून सहा वर्सं झाली. दोन भाकरी टाकतो. एक बी पुरी खाल्ली जात नाई. नात फोनवर म्हनते, आबा, तुमी मोबाईलमंदीच राह्यता काय? तिनं मले कधी हात लावून पाह्यलं नाई धड." त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. "पन साऱ्या बाजारापुढं सहा वर्सं नाई नाई म्हनलं. आता हो म्हनाले तोंड कुठून आनू? म्हनून ते शर्त लावली. मले वाटे, एखादी गाडी येईन, नाई सुधरनार. पन येडे हात, येईन ते सुधरवून मोकये. तुमी पोतं फिरवलं मॅडम, लय उपकार झाले."

मला रडू आलं ते मी लपवलं नाही. त्यांनी मला माझं रडणं संपेपर्यंत वेळ दिला, मग पाना उचलला. "चाला. मऊ पेडलची गाडी मी मांगं ठेवून जात नाई. मानूस मरंन एखादं. बसा आत."

दीड तासात कॅलिपर अदलून झाले. निपल वर आली. "दाबा," ते चाकाखालून हळूच म्हणाले, कोणी ऐकू नये म्हणून. "धरा... सोडा." तेलात बुडबुडे आले, मग थांबले. चौथ्यांदा दाबलं तर पेडल पायाखाली दगड झालं. मिस्त्री आत वाकले, तळवा ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"आता लोकांले काय सांगायचं?" मी विचारलं. "गाडी त सुधरली. तुमी जिंकले."

"मी कायचा जिंकतो? तुमी सुधरवली."

"मी?"

"डोकं कोनाचं चाललं? फोटो कोनाचा? मी हाय तवरीक दुसरं काही बोलाचं नाई. आन हाय तुम्हाले."

दुपारी मुलगा आला तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मिस्त्री मधोमध उभे राहिले. "आयका! मले नाई जमलं. मॅडमनं सुधरवली. मी हारलो." आणि उभ्या बाजारासमोर त्यांनी मला हात जोडले. असा गलका झाला की झाडावरचे कावळे उडाले. टायरवाल्याने माझ्या गळ्यात हार घातला, तोही त्याच्या गणपतीचा काढून. मुलगा वडिलांकडे बघत होता, मग माझ्याकडे, आणि तोंडावर हात ठेवून तिथेच मटकन बसला. मिस्त्रींनी त्याला उठवलं. "ऊठ बे. शब्द तो शब्द." इतकं मरगळलेलं तोंड करून ते मुलाच्या गाडीत बसले की बायकांनी डोळे पुसले. गाडी वळताना मी एकटीने बघितलं, मागच्या काचेतून ते गालातल्या गालात हसत होते.

आणि माझे हाल सुरू झाले! सोमवारी शाळेच्या फाटकाबाहेर दोन जीप आणि एक ट्रॅक्टर. "मॅडम, थोडं पेडल पाहून घेता काय?" मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, शाळेच्या वेळेत नको. लग्नात लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. आमच्या ह्यांनी तर गावभर सांगितलं, "मी आधीपासून ओळखून होतो." अडीच वर्षं मी ही कीर्ती निमूटपणे भोगली.

गेल्या हिवाळ्यात मुलाचा फोन आला. मिस्त्री गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. नातीला शाळेत पोचवायचं काम त्यांनी अडीच वर्षं कोणाला करू दिलं नाही, रोज तिचं बोट धरून जायचे. फोनवर मुलगा म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी बाबांना तुमची गाडी जमली असती तर बाबा मला मिळालेच नसते." मी फक्त हं म्हटलं.

त्या रविवारी मी टपरीवर गेले. सगळे जमले होते, मिस्त्रींच्याच गोष्टी चालल्या होत्या. वरात, भजी, फौजदाराची टोपी. हसत होते, नाक पुसत होते. मग टायरवाला सुस्कारा टाकून म्हणाला, "मानूस हिरा होता. पन शेवटची गाडी काही जमली नाई बुवा त्याले."

माझ्याने बसवेना. आण सुटली होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पोतं, बुधवार, नाटक, दोन भाकरी, सगळं. एक शब्द गाळला नाही.

मग टायरवाला उठला, दोन्ही हात जोडून म्हणाला, "मॅडम, मन लय मोठं हाय तुमचं. गेलेल्या मानसाची इज्जत राखून राह्यल्या."

"अहो, खरंच सांगते!"

"हो ना. आमाले समजते." सगळ्यांनी माना डोलावल्या. टपरीवाल्याने डोळे पुसत मला चहा दिला. मी ओरडले, आण घेतली, फोटो दाखवला. जितकं सांगत गेले तितकी मीच मोठी होत गेले. शेवटी मागून कोणीतरी अदबीने विचारलं, "ते जाऊ द्या मॅडम. माहं पेडल थोडं मऊ लागून राह्यलं. पाहता काय?"

मी तिथेच हसत सुटले आणि हसता हसता रडले. बाजार माझ्याकडे कौतुकाने बघत राहिला.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही तरी विश्वास ठेवा. त्यांनी सुधरवली नाही अशी गाडी शेलूबाजारातून कधी गेलीच नाही. माझीसुद्धा नाही.